गावाचं वाय-फाय सभासद नसलेल्यालाही फुकट द्यावं का?

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या गावातल्या कंप्युटर खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून पाच-सहा जण तरी बसलेले असतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कुणी सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा म्हणून 'कपास किसान' ॲप उघडलेलं, कुणी पोरीचा निकाल शोधतंय, कुणी ई-केवायसीच्या ओटीपीची वाट बघतंय. राऊटर आत आहे आणि त्याची रेंज विटांतून थोडी बाहेर गळते. पासवर्ड सभासदांच्या पोरांनी कुणाला तरी सांगितला, त्यानं आणखी कुणाला.

गेल्या बैठकीत यावरून वाजलं. एक कास्तकार उठून म्हणाले, "फुकट भेटते तं मी महिन्याले पन्नास रुपये कायले भरू?" मागून एक बाई, जिचं नाव सभासदांच्या वहीत नाही, हळूच बोलली, "आमी तं फॉर्मापुरतंच लावतो जी."

दोघंही खरंच बोलत होते. म्हणून हा प्रश्न हात वर करून मतदानानं सोडवण्याआधी नेट नावाची गोष्ट वाटली जाते कशी, हे आधी समजून घेऊ. माझं मत लपवत नाही: द्यावं. पण कसं द्यावं यावर सगळं अवलंबून आहे.

सामूहिक व्यवस्था म्हणजे नेमकं काय?

एक कनेक्शन, दोन-तीन कंप्युटर, एक प्रिंटर, एक राऊटर. खर्च काही घरं मिळून उचलतात आणि चालवण्याचे नियम तीच घरं ठरवतात. इतकं साधं आहे हे. पतसंस्थेत किंवा दूध सोसायटीत सभासद असतात तसेच इथेही असतात.

हे आत्ताच सुचण्याचं कारण फायबर. सरकारनं २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, २०१५ मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची ही योजना. तार पंचायतीपर्यंत येते. तिथून वावरापर्यंत, वस्तीपर्यंत, तांड्यापर्यंत नेट कसं जायचं हे मात्र गावाला बघावं लागतं. आणि गाव बघायला लागलं की पहिला प्रश्न हाच येतो, की कुणाला द्यायचं.

नेट वापरलं की संपतं का?

बैठकीत सगळ्यात मोठा गैरसमज हाच होता. नेट म्हणजे टाकीतलं पाणी, परक्यानं एक बादली नेली की आपली एक बादली गेली, असं आपण धरून चालतो.

त्यापेक्षा एसटी डोळ्यासमोर आणा. वर्ध्याहून आर्वीला निघालेल्या गाडीत दहा माणसं असोत की चाळीस, डिझेल जवळपास तेवढंच लागतं, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार तोच. मधल्या थांब्यावर एक म्हातारी चढली आणि सीट रिकामी असेल, तर तिच्यामुळे महामंडळाचा खर्च वाढत नाही. यात्रेच्या दिवशी मात्र गाडी खच्चून भरते, आणि तेव्हा चढणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाची तरी जागा घेतो.

नेटचंही तसंच. महिन्याचं बिल ठरलेलं असतं. राऊटर दहा-बारा वॅट वीज खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला नऊएक युनिट. दुपारी दोन वाजता, पऱ्हाटीत सगळे कामाला गेलेले असताना, कुणी पाहुण्यानं, म्हणजे सभासद नसलेल्यानं, नेट वापरलं तर त्याचा जादा खर्च जवळपास शून्य. रात्री आठला, अर्धं गाव व्हिडिओ बघत असताना, तोच पाहुणा अडचण ठरू शकतो.

किती अडचण? त्यासाठी एकच तांत्रिक शब्द घेऊ: एमबीपीएस. एका सेकंदात किती मेगाबिट येतात, त्याचं ते माप. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लायनीतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, तेही सगळं सुरळीत असेल तर. एक चांगल्या दर्जाचा व्हिडिओ सुमारे पाच एमबीपीएस धरून ठेवतो. म्हणजे वीस मोबाइलवर वीस व्हिडिओ लागले की लायन भरली. उलट सातबाऱ्याची अर्ध्या मेगाबाइटची पीडीएफ दोन एमबीपीएसच्या संथ नेटवरसुद्धा दोन सेकंदांत उतरते. फॉर्म भरणारा माणूस तर बहुतेक वेळ वाचत असतो, चश्मा पुसत असतो, आधार नंबर आठवत असतो. त्या वेळात तो काहीच ओढत नाही.

मागच्या भिंतीला टेकलेली ती बाई गाडीत सीट अडवत नाही. सीट अडते ती पिक्चर बघणाऱ्यामुळे, आणि आमच्या खोलीत पिक्चर बघणाऱ्यांत सभासदांची पोट्टी जास्त आहेत.

मग बाहेर माणसं बसली की नेट खरंच मंद का होतं?

होतं. ही तक्रार खोटी नाही, मी स्वतः अनुभवली आहे. पण कारण वेगळं आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

साधा राऊटर एका वेळी एकाच मोबाइलशी बोलतो. सगळ्यांशी एकदम बोलतोय असं वाटतं, कारण तो फार भराभर पाळी बदलतो. आता चावडीवर एखादा माणूस सगळ्यांना आळीपाळीनं निरोप सांगतोय असं समजा. समोर बसलेल्याला एकदा सांगितलं की झालं. लांब बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना मात्र प्रत्येक शब्द हळू आणि चारदा सांगावा लागतो. तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं. रेंज कमी असलेला मोबाइल म्हणजे ते आजोबा. तो डेटा थोडासाच घेतो, पण राऊटरचा वेळ खूप खातो.

म्हणजे भिंतीपलीकडे बसवलेला माणूस सगळ्यांचं नेट मंद करतो, आणि तोच आत येऊन बाकावर बसला तर करत नाही. आपण त्याला बाहेर ठेवून स्वतःचंच नुकसान करून घेतोय. बैठकीत हे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

"तो फुकट वापरणार, मग मी पैसे कायले भरू?"

हा आक्षेप सगळ्यात जड आहे, त्याला तितकंच जड उत्तर हवं. अर्थशास्त्रात याला फुकट्याचा प्रश्न म्हणतात. समजा कनेक्शन, वीज, बॅटरी आणि दुरुस्तीसाठी बाजूला टाकलेली रक्कम धरून महिन्याला २५०० रुपये लागतात. पन्नास घरांनी पन्नास-पन्नास दिले की भागलं. सगळ्यांना सगळंच फुकट केलं आणि वीस घरं म्हणाली, "मंग आमीबी भरत नाही," तर १५०० उरतात. दोन-तीन महिन्यांत लायन कापली जाते. मग सभासदही गेला आणि पाहुणाही गेला.

पण यावर आपल्याकडे फार जुना उपाय आहे, आणि तो गावच्या वाचनालयात आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली चालणाऱ्या वाचनालयात जाऊन बघा. पेपर वाचायला कुणीही येऊन बसतं, नाव कुणी विचारत नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर अनामत भरा, वर्गणी भरा. मुक्तद्वार विभाग वेगळा, देवघेव विभाग वेगळा. पेपर फुकट वाचता येतो म्हणून कुणी वर्गणी बंद केली, असं मी तरी पाहिलेलं नाही, कारण वर्गणी भरणाऱ्याला मिळतं ते काही वेगळंच असतं.

नेटमध्ये असा वेगळा विभाग पाडणं आज अवघड नाही. बहुतेक राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं, म्हणजे त्याच राऊटरमधून निघणारं दुसऱ्या नावाचं वाय-फाय. वेग आणि वेळ नेमून द्यायला थोडा बरा राऊटर लागतो. पाहुण्याला दिवसाला अर्धा तास, दोन एमबीपीएस. आणि सगळे पाहुणे मिळून वीस एमबीपीएसच्या वर जायचं नाही, असं लावून टाकायचं. १०० पैकी ८० सभासदांसाठी राखीव राहिले, रात्री आठलासुद्धा.

आता हिशोब करा. दोन एमबीपीएसनं सलग अर्धा तास ओढलं तरी ४५० मेगाबाइट होतात. रोज वीस पाहुणे आले आणि प्रत्येकानं शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं तर दिवसाला नऊ जीबी, महिन्याला २७०. घरगुती फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते. म्हणजे सगळ्यात वाईट धरलं तरी बारावा हिस्सासुद्धा जात नाही. उन्हाळ्यात आपण पाणपोई घालतो तेव्हा येणाऱ्याला ग्लासभर देतो, कुणी ड्रम घेऊन आला तर थांबवतो. ड्रमच्या भीतीनं पाणपोईच घालायची नाही, असं विदर्भातल्या कुठल्या गावानं ठरवलंय?

खरी टंचाई कशाची आहे, हे आम्हाला वर्षभरानं कळलं. कंप्युटर चालवणाऱ्या मुलीच्या वेळेची! एक ई-केवायसी करायला कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास. अंगठा जुळत नाही, नाव आधारवर वेगळं आणि सातबाऱ्यावर वेगळं, साइट बंद. खुरपणीनं घासलेली बोटं मशीनवर पुन्हा पुन्हा ठेवावी लागतात. तो वेळ खरोखर संपतो. एकाला दिला की दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून पाहुण्यांचं वाय-फाय फुकट, पण फॉर्म भरून देणं, स्कॅन, प्रिंट यांना दर असावा. सभासदाला कमी, बाकीच्यांना थोडा जास्त, आणि ते पैसे त्या मुलीच्या हातात पडावेत. तिला आपण फुकट राबवलं तर खोली बंद पडेल ती तिच्या थकण्यानं.

सभासद नसलेले म्हणजे कोण?

वही उघडून बघा. आमच्या वहीत सुरुवातीला जी घरं आली ती रस्त्यावरची, ज्यांना बैठक कळली ती, आणि ज्यांच्याकडे त्या दिवशी पन्नास रुपये मोकळे होते ती. नसलेल्यांत कोण? रोजमजुरीवाले, वस्तीतल्या विधवा, पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीतली, कोलाम घरं, सोयाबीन काढायला दुसऱ्या तालुक्यातून आलेले मजूर, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक.

यांना नेट चैनीसाठी लागत नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. शेतकरी ओळख क्रमांक आला. २०२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, पण तो सीसीआयकडून घ्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी. बटईनं वावर करणारा माणूस, ज्याच्या मोबाइलला गावात एकच काडी रेंज, त्याच्यासाठी हमीभावाचं दार या भिंतीमागच्या वाय-फायमधून जातं. सरकारनं कागद नेटवर नेला तेव्हा तुमचं नाव कुठल्या वहीत आहे का, हे काही विचारलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मग त्यांनाच सभासद करून घ्या. करावंच, वर्गणी माफ करूनही करावं. पण बाळंतपणाला आलेली लेक दोन महिन्यांसाठी सभासद होणार नाही, आणि मजूर तर पंधरा दिवसांत पुढच्या गावाला जाईल.

हद्द नको असं मी म्हणत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथलं जंगल गावाच्या नियमानं चालतं, बाहेरच्यानं येऊन वाट्टेल तसा बांबू तोडायचा नाही. सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे जगभरची उदाहरणं अभ्यासून दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना त्याच वर्षी, २००९ मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कोण आत, कोण बाहेर हे स्पष्ट असावं, ही त्यांची पहिलीच अट. पण तोडलेला बांबू पुन्हा वाढायला वर्षं जातात. दुपारी दोनला वापरलेलं नेट दोन वाजून एक सेकंदाला जसंच्या तसं असतं. हद्द दोन्हीकडे हवी, फक्त जंगलाची हद्द माल वाचवते आणि नेटची हद्द गर्दीची वेळ वाचवते.

कुणी भलतंसलतं केलं तर पोलीस आपल्या दारात येतील ना?

ही भीती रास्त आहे. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी एक धमकीचा ईमेल गेला होता. तो नवी मुंबईतल्या एका घरातलं पासवर्ड नसलेलं वाय-फाय वापरून पाठवला होता, आणि चौकशी त्या घरमालकाच्या दारात आली. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्यानं वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

म्हणून फुकट म्हणजे बेनामी नव्हे. पाहुण्यानं मोबाइल नंबर टाकावा, ओटीपी यावा, मग नेट सुरू व्हावं. धंदा म्हणून चालणाऱ्या सायबर कॅफेला २०११ च्या नियमांनुसार ओळखपत्र बघावं लागतं आणि नोंदवही एक वर्ष जपावी लागते. आपली खोली धंदा नसली तरी तीच शिस्त बरी. गंमत अशी, की आज चोरून चाललेला पासवर्ड यापेक्षा कितीतरी धोक्याचा आहे, कारण कोण कोण जोडलंय याची नोंदच नाही. घेतलेले नंबर मात्र कुलपात राहिले पाहिजेत. बाईनं फॉर्मासाठी दिलेला नंबर कुणाच्या ग्रुपात गेला, तर ती पुन्हा येणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

आणखी एक. घरगुती कनेक्शन इतरांना वाटायला अनेक कंपन्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. यासाठी सरळ रस्ता आहे, पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळानं ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केलेली ही योजना. पूर्वी गावोगाव एसटीडी-पीसीओचा बूथ असायचा, तसा हा वाय-फायचा बूथ. तो चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, नोंदणीची फीही नाही. ओटीपी आणि नोंदीचं काम एक मधली कंपनी बघते. अशा बूथला महागडी व्यावसायिक लायन घ्यायला लावतात ही तक्रार होती, तेव्हा ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, जून २०२५ मध्ये ठरवलं, की २०० एमबीपीएसपर्यंतचं घरगुती फायबर बूथला जास्तीत जास्त दुप्पट दरानंच द्यायचं.

फक्त सरकारी साइटच चालू ठेवल्या तर?

बैठकीत ही सूचना सगळ्यांना आवडली. मला नाही. निकालाची साइट, हवामान, बाजारभाव, दवाखान्याचा पत्ता, परगावी असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, यातलं कामाचं काय ते खोलीतल्या चौघांनी कसं ठरवायचं? ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं कंपन्यांना हेच सांगितलं, की कुठली साइट आहे ते बघून वेगळा दर लावता येणार नाही. ठरावीक साइट फुकट देण्याच्या योजना त्यामुळेच बंद झाल्या. तो नियम कंपन्यांसाठी आहे, पण त्यामागचा विचार आपल्यालाही लागू पडतो. वेग कमी करा, वेळ बांधून द्या. काय बघावं ते बघणाऱ्यावर सोडा. बेकायदेशीर आणि अश्लील साइट अडवणारी गाळणी राऊटरमध्ये लावता येते, ती सभासद-पाहुणे सगळ्यांनाच लावा.

सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या पोटावर पाय येईल का, असंही कुणी विचारलं. नाही येणार, लोक त्याला पैसे देतात ते नेटचे देत नाहीत, दाखला काढून देण्याचे देतात.

आधी कुणी करून पाहिलंय का?

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात १९८६ मध्ये 'फ्री-नेट' सुरू झालं. विद्यापीठाचा कंप्युटर, फोनच्या तारेवरून जोडणी, चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. पाहुणा म्हणून कुणीही आत जाऊन बघू शके. लिहायचं असेल तर नाव नोंदवावं लागे, तेही फुकट. १९९९ मध्ये ते बंद पडलं, पण तोवर जगभरातल्या शहरांनी त्याची नक्कल केली होती.

आपल्या जवळचं उदाहरण रेल्वेचं. २०१६ पासून गूगलच्या मदतीनं स्टेशनांवर फुकट वाय-फाय आलं, ४०० स्टेशनं झाली. २०२० मध्ये गूगलनं हात काढायचं जाहीर केलं. रेल्वेच्याच रेलटेल कंपनीनं ते बंद केलं नाही. पहिला अर्धा तास एक एमबीपीएसनं फुकट आणि जास्त वेग हवा असेल तर पैसे, असं केलं. प्लॅटफॉर्मवर बसलेल्या माणसाला तिकीट कुठलं आहे हे न विचारता मिळतं ते. आपण पाहुण्याला दोन एमबीपीएस देऊ म्हणतोय, म्हणजे रेल्वेच्या दुप्पट.

आमच्याकडे काय ठरलं

तीन महिने करून बघायचं ठरलं. गेस्ट नेटवर्क सकाळी सहा ते रात्री दहा, अर्धा तास, ओटीपीनं. परीक्षेचा निकाल आणि योजनेची शेवटची तारीख असेल त्या दिवशी वेळेची अट सैल. दर महिन्याला किती पाहुणे आले आणि किती जीबी गेले ते खोलीच्या दारावर लिहायचं, नावं न लिहिता. पन्नास रुपयांवरून उठलेल्या काकांनीच ते लिहायची जबाबदारी घेतली आहे.

आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायची रेंज पुढे नेणारी डबी, मागच्या भिंतीवर बाहेरून लावायचा, पावसा-उन्हात टिकणारा. तार आजच ओढून झाली. खाली बसायला बाक हवा, तो सुताराकडे सांगितला आहे.